दीड लाख किलोमीटर पळालेली जीटी टीडीआय घ्यावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरी करतो. रोजचं जाणं-येणं सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. आता स्वतःची गाडी घ्यायचीय. हातात एकूण चार लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. गाडी चालवायची मला मनापासून आवड आहे, म्हणून नुसती चालणारी नको, पळणारी हवी. सांगलीतच एक फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय बघितली. २०१५ चं मॉडेल, १.५ डिझेल, मीटरवर १,४८,०००, दुसरा मालक, मागणी पावणेचार लाख. टायमिंग बेल्टचं विचारलं तर मालक म्हणतात, सगळं झालेलं आहे, पण बिल सापडत नाही. घरचे म्हणतात, दीड लाख पळालेलं डिझेल म्हणजे संपलेलं इंजिन, त्यापेक्षा साठ हजार झालेली पेट्रोल घे. काय करू?

उत्तर : घरच्यांचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण दीड लाखाला डिझेल इंजिन संपतं हे खरं नाही. वडिलांच्या हाताखाली पंप-नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं) काम शिकल्यापासून आजवर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी डिझेलच हाताळत आले आहे. तीन लाखांच्या पुढे गेलेली, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भागाला) हात न लागलेली इंजिनं माझ्यासमोर नेहमी येतात, आणि सत्तर हजारांत हेड उघडावं लागलेलीही येतात. तेल वेळेवर बदललं का, डिझेल फिल्टर कधी बदलला आणि इंजिन गरम होऊन नीट पळालं की रोज दोन-दोन किलोमीटरवर बंद पडत गेलं, यावर सगळं ठरतं. हायवेवर झालेले दीड लाख मला शहरातल्या साठ हजारांपेक्षा जास्त पसंत पडतात.

आधी डिझेल की पेट्रोल हे बघू. रोज सव्वाशे म्हणजे वर्षाला छत्तीस हजारांच्या आसपास. ही पोलो हायवेवर नीट चालवली तर लिटरला अठरा धरायला हरकत नाही. तेवढीच ताकदवान पेट्रोल गाडी चौदा देईल. डिझेल नव्वद आणि पेट्रोल एकशे चार रुपये धरलं तर वर्षाला पंच्याऐंशी-नव्वद हजारांचा फरक पडतो. तुमच्या वापराला डिझेलच बरोबर आहे. रोजचं जाणं-येणं वीस किलोमीटरचं असतं तर मी तुम्हाला सरळ नको म्हटलं असतं.

गाडीची निवडही चांगली आहे. जीटी टीडीआय २०१३ मध्ये आली तेव्हा १.६ इंजिन होतं, २०१४ पासून १.५ आलं. ताकद १०५ पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर. एवढ्या लहान गाडीत एवढा टॉर्क म्हणजे चौथ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबला तरी ट्रक मागे पडतो. शिवाय बीएस-४ (धुराचे आधीचे सरकारी नियम) काळातल्या या डिझेल हॅचबॅकना एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नाही. जुन्या डिझेलला युरोपात जो सर्वात मोठा खर्च छळतो, तो तुमच्या वाट्याला येणार नाही. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा कंपनीनं पोलोचं डिझेल बंद केलं आणि २०२२ मध्ये पोलोच गेली. आता जी आहे ती सेकंडहँडच, त्यामुळे आवड असलेले लोक चांगली गाडी सोडत नाहीत. बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीला म्हणूनच विचारायचं : ही का विकली जातेय?

तुमच्या चार लाखांत पावणेचारची गाडी बसत नाही. गाडीला तीन, फार तर सव्वातीन लाख आणि बाकीचे बँकेत, ही वाटणी मी प्रत्येकाला सांगते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) आहे, चेन नाही. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, हेड उघडावं लागतं आणि खर्च गाडीच्या किमतीच्या अंगावर येतो. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं. मालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पहिल्या मालकानं त्यांना जे सांगितलं तेच ते तुम्हाला सांगत असतील. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंप एकदम बदलायचा, मजुरीसकट वीस-पंचवीस हजार धरा. क्लच मूळचाच असेल तर तोही येत्या वर्ष-दोन वर्षांत निघेल, आणि सोबत फ्लायव्हील (क्लचला लागून असलेलं जड चाक) निघालं तर पन्नास हजारांच्या वर जातं. १८५/६० आर१५ चे चार टायर, पुढचे लिंक रॉड आणि बुश, सगळी तेलं-फिल्टर. लाखभर रुपये असेच लागतात, आणि ते लागले तरच गाडी पुढं दीड लाख पळते. घासाघीस करताना बेल्टचा मुद्दा स्पष्ट मांडा : बिल दाखवा, नाहीतर तेवढे पैसे कमी करा.

आता बघायला जाल तेव्हाचं सांगते. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन पहिल्या चावीला, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता सुरू व्हायला हवं. सुरू होताना किंचित धूर चालतो. पांढरा धूर मिनिटभर रेंगाळला आणि इंजिन लंगडत राहिलं तर नोझल किंवा ग्लो प्लगकडे (थंड सिलिंडर तापवणारा प्लग) बघावं लागेल. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, मग रिंग किंवा टर्बो. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण हळूच सैल करा. थोडी वाफ, थोडा फुंकर चालेल, पण झाकण उडायला लागलं किंवा भसाभस धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, आणि त्या गाडीचा विषय तिथंच संपला. डिपस्टिकवरचं तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं तेल पहिल्या हजार किलोमीटरमध्येच काळं होतं.

त्यानंतर गाडी स्कॅनरवर घ्यायची. यात कंजूषपणा करू नका, हजार-दोन हजार लागले तरी द्या. आयडलवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे इंजिनाचा संगणक तिथं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते, दिसतं. चारपैकी एका नोझलला बाकीच्यांपेक्षा खूप जास्त करेक्शन लागत असेल तर ते थकलंय. मग गाडी रस्त्यावर काढून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबायचा आणि रेल प्रेशर (नोझलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मागितलेलं किती, मिळालेलं किती ते बघायचं. बूस्टचंही, म्हणजे टर्बोनं ढकललेल्या हवेच्या दाबाचंही तेच. मागणी आणि मिळकत हातात हात घालून वर गेली तर पंप, नोझल आणि टर्बो तिन्ही ठीक. बूस्ट मागे पडत असेल तर लगेच टर्बो गेला असं समजू नका, बऱ्याचदा इंटरकूलरचा पाइप फाटलेला असतो आणि काम थोडक्यात होतं. मीटर फिरवलंय का याचा अंदाजही इथंच येतो. वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमध्ये जुने एरर साठतात तेव्हा त्यावेळचं किलोमीटर नोंदलं जातं. मीटरवर १,४८,००० आणि आत एखादा एरर १,९०,००० वर पडलेला दिसला तर गोष्ट उघड आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मालकाकरवी गाडीची हिस्टरीही काढून घ्या.

अजून एक तपासणी आहे, ती गॅरेजवाले क्वचित करतात. मालकांची परवानगी असेल तर डिझेल फिल्टर उतरवा आणि त्यातलं डिझेल स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतून उन्हात धरा. तळाला चांदीसारखी चमक दिसली तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय आणि त्याचा चुरा रेल, नोझल, टाकी सगळीकडे गेलाय. ती दुरुस्ती लाखाच्या घरात जाते, तेव्हा चमक दिसली की गाडी सोडा. पाण्याचे थेंब दिसले तर निदान फिल्टरची काळजी कुणी घेतली नाही एवढं कळतं.

गाडी सांगलीची आहे म्हणून पुराचं बघणं भागच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या पाण्यात गेलेल्या किती तरी गाड्या धुऊन, सुकवून परत बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या भागात मातीची रेघ राहते. कार्पेट उचलून हात घाला, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा, स्टेपनीचा खड्डा बघा. फ्यूज बॉक्सजवळच्या कनेक्टरना हिरवट बुरशी आली असेल तर गाडी सोडून द्या. आज सगळं चालत असलं तरी वायरिंगचं दुखणं पुढं वर्षानुवर्षं एकेक करून बाहेर येतं, आणि तुम्ही रात्रपाळी संपवून कागलहून निघालेले असाल तेव्हाच ती गाडी रस्त्यात उभी राहील. विम्याच्या क्लेमची माहितीही मागा, त्या दोन वर्षांतला मोठा क्लेम लपत नाही.

चालवून बघायला पन्हाळ्याचा चढ घ्या, गावातली फेरी नको. चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबा. काटा झपाझप वर आणि गाडी जागेवर असं झालं तर क्लच प्लेट गेली. गाडी उभी असताना क्लच दाबल्यावर खालचा खडखडाट थांबतो आणि सोडल्यावर परत येतो का ते ऐका, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बघण्याची ती खूण आहे. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क.

कागदांचं थोडक्यात : आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देऊ नका, ई-चलान तपासा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर घ्या, नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का बघा. २०१५ ची गाडी म्हणजे नोंदणी २०३० पर्यंत. पुढं फिटनेस आणि पर्यावरण कर भरून वाढवता येते, पण तोवर तुमच्या वापरानं तिचे तीन लाख झालेले असतील हेही मनात धरा. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहानं भारतात धुराच्या सॉफ्टवेअरसाठी सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्यांचा रिकॉल जाहीर केला होता, त्यात हे इंजिनही होतं. या गाडीचं ते काम झालंय का, ही नोंद हिस्टरीत बघा.

यातून गाडी पार पडली आणि तीन-सव्वातीनला मिळाली तर बिनधास्त घ्या आणि सगळ्यात आधी बेल्ट बदला. पावणेचारवर अडून बसले तर नमस्कार करून या.

प्रश्न : नाशिकहून लिहितो आहे. बजेट तीन लाख. फियाट पुंटो ९० एचपी की फोर्ड फिगो १.५ डिझेल? दोन्ही कंपन्या आता इथं गाड्या विकत नाहीत, म्हणून मित्र वेड्यात काढतात. गाडी एकच असेल, बायको आणि लहान मुलगी सोबत असतात. महिन्यातून दोनदा कसारा घाट.

उत्तर : मित्रांना सांगा की कंपनीनं गाडी विकणं थांबवलं म्हणून सुटे भाग त्याच दिवशी संपत नाहीत. मात्र दोन्हींची परिस्थिती वेगळी आहे.

पुंटो चालवायला या दोघींत मला जास्त आवडते. हायड्रॉलिक स्टीअरिंग, जड, बसकी, आणि रस्ता हातात कळतो. खराब रस्त्यावर तिच्या सस्पेन्शनची बरोबरी त्या किमतीत कुणी केली नाही. १.३ मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचं आणि तेच कुटुंब स्विफ्ट, व्हिस्टा, सियाझमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग नाशिकमध्ये कोपऱ्यावरही मिळतील. ९० एचपीला व्हेरिएबल टर्बो आहे, टॉर्क २०९ न्यूटन मीटर, पण २,००० आरपीएमच्या खाली ती झोपलेली असते. कसाऱ्यात ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलात की हे जाणवेल. टायमिंगला चेन आहे, पण तेलाला उशीर केलेल्या गाड्यांची चेन सैल होते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं खळखळ ऐकू आली तर तो खर्च धरा. खरी अडचण बॉडीची आहे. हेडलाइट, बंपर, दाराचा रबर, काच यासाठी कुर्ल्याच्या बाजारात फोन फिरवत बसावं लागतं, आणि तेवढे दिवस गाडी उभी राहते.

फिगोला १.५ इंजिन, १०० पीएस, २१५ न्यूटन मीटर, आणि वजन बेताचं. त्यामुळे ती कागदावर दिसते त्यापेक्षा जास्त पळते. खालून ओढ चांगली असल्यानं घाटात गिअर कमी बदलावे लागतात. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवले. हिला टायमिंग बेल्ट आहे. किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजा, रबर वयानंही मरतं. इंजिनाचं वरचं कव्हर काढून नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचलाय का ते बघा. तांब्याचं वॉशर गळायला लागलं की ज्वलनाचा धूर तिथून झिरपून थिजतो. लवकर सापडलं तर किरकोळ काम, दुर्लक्ष केलं तर नोझल इतकं घट्ट बसतं की काढताना हेडला इजा होते. २०१७ ची फिगो एस मिळाली तर बघाच, तिचं सस्पेन्शन जरा कडक आहे.

घरात एकच गाडी आणि लहान मूल, तर फिगो घ्या. एअरबॅग किती आहेत हे मॉडेलनुसार बदलतं, ते आधी बघा आणि त्यासाठी दहा-वीस हजार जास्त मोजा. पुंटो मी अशा माणसाला सांगते ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे आणि ज्याच्या ओळखीत फियाट उघडलेला मेकॅनिक आहे.

प्रश्न : ताई, पुण्यातून. माझ्याकडे १.६ ची जीटी टीडीआय आहे, १,६०,००० झालेत. रिमॅप (इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घ्यावं का? ट्यूनरवाले म्हणतात, सहज तीस-पस्तीस पीएस वाढतील आणि अ‍ॅव्हरेजही सुधारेल.

उत्तर : ताकद वाढेल, त्यात शंका नाही. पण ती त्याच जुन्या प्लेटवर, त्याच टर्बोवर आणि त्याच नोझलवर वाढणार. दीड लाखाच्या पुढे सगळ्यात आधी क्लच सुटतो, मग गरमीनं टर्बो. रिमॅपचे पैसे आधी डाउनपेमेंट समजा, खरं बिल नंतर येतं. शिवाय इंजिनात बदल केलेला विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघाताच्या क्लेमला फाटे फुटतात.

त्याच पैशात ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात घेणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवून कार्बन साफ करून घ्या, सगळे बूस्ट पाइप तपासा, नोझल टेस्ट बेंचवर लावून घ्या. १०५ पीएसची गाडी बऱ्याचदा काजळीमुळे ऐंशी-नव्वदवरच चालत असते. तिची मूळ ताकद परत मिळाली की रिमॅपची इच्छा बऱ्याच जणांची उरत नाही. ईजीआर कायमचं बंद करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ते बेकायदा आहे आणि तो धूर तुमच्याच गल्लीतली पोरं घेतात.

तुमच्यासारखीच गाडी विकत घेणाऱ्यांसाठी : आधीच्या मालकानं रिमॅप केलंय का हे विचारा. केलं असेल तर मूळ फाइल परत टाकून द्यायला सांगा आणि चाचणी त्यानंतर घ्या.

प्रश्न : नागपूरहून. दिल्लीत दहा वर्षं होत आलेल्या डिझेल पोलो इथल्यापेक्षा लाख-सव्वा लाखानं स्वस्त दिसतात. आणावी का?

उत्तर : स्वस्त का आहेत ते तुम्हाला माहीत आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले होते, तेव्हापासून मालक घाईत असतात. गाडी वाईट असतेच असं नाही, कित्येकदा चांगली असते. पण तुमचा हिशोब तिथल्या किमतीवर थांबायला नको. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), फॉर्म २८, लागते, आणि ती नागपूरच्याच नावानं हवी. इथं आल्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो आणि नवीन नंबर घ्यावा लागतो. नव्या डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत इथं १३ टक्के कर आहे, त्यावरून जुन्या गाडीच्या आकड्याचा अंदाज येईल. त्यात तपासायला जाण्याचा खर्च, हजार किलोमीटरवरून गाडी आणणं आणि एजंटचे पैसे मिळवा.

दिल्लीतल्या गाडीचे किलोमीटर बहुतेक ट्रॅफिकमधले असतात, म्हणजे क्लच आणि ईजीआर दोन्हीवर ताण. सांगलीच्या वाचकाला जे तपासायला सांगितलं ते सगळं तिथं जाऊन स्वतः करता येत असेल तरच जा, व्हिडिओ कॉलवर घेऊ नका. एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि सगळ्यात आधी नागपूर आरटीओत त्या मॉडेलचा, त्या वर्षाचा कर किती बसेल हे विचारून या. तो आकडा वजा करून तीस-चाळीस हजारच वाचत असतील तर विदर्भातलीच गाडी शोधा.